गोव्यातल्या बार्देशातलं जुना रॉक धुवून देणारं दुकान : २४ किलो दिले, त्याचा हा हिशेब

आधीच सांगून टाकतो, दुकानाचं नाव लिहिणार नाही. माणूस कष्टाळू आहे, घर त्या दुकानावरच चालतं, माझ्या चार ओळींमुळे त्याच्या पोटावर पाय नको. पण मरीन टँकवाल्या, म्हणजे घरी खाऱ्या पाण्यात समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) पाळणाऱ्या, मित्रांपैकी तिघांनी एप्रिलपासून विचारलंय की टँकमधला जुना रॉक, म्हणजे आत ठेवतात तो छिद्राछिद्रांचा दगड, साफ करून देतात ती सर्व्हिस कशी आहे, पैसे वसूल का, तर दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहितो.

माझा चार फुटी टँक दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात गेला. शेजारच्या भाटातला माड तारांवर पडला, चौदा तास लाइट नव्हती, बॅटरीवरचा एअर पंप पहाटे कधीतरी बंद पडला आणि सकाळी बघतो तर पाण्याला दुधासारखा रंग आणि घरभर वास. मासे गेलेच, मग रॉकच्या आतले किडे, स्पंज, गोगलगायी सगळं मेलं आणि जे मेलं ते आतच सडलं. मला इतका वैताग आला की पाणी काढून टाकलं, रॉक दोन क्रेटमध्ये भरला आणि न्हाणीच्या मागे पत्र्याखाली ठेवून दिला. आई चार दिवस नाकाला पदर लावून फिरत होती, शेवटी म्हणाली, "पुरुमेंताची सुकी सुंगटं भरून ठेवलीस की काय रे तिथे?" पावसाळ्यासाठी भरून ठेवतात त्या सुक्या कोळंबीचा वास, अगदी तोच होता, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांत वास गेला, दगड राखाडी-हिरवे झाले, त्यातले दोन तर आईने अबोलीच्या कुंड्यांना टेकण म्हणून लावले. या वर्षी परत टँक लावायचं ठरवलं तेव्हा नवीन ड्राय रॉकचा रेट विचारला, मला ४५० रुपये किलो सांगितला, म्हणजे २४ किलोला १०,८०० नुसत्या दगडांचे. आणि माझ्याकडे घरात तेवढाच दगड पडलेला, त्यात एक कमानीसारखा तुकडा आहे, तसा आकार परत मिळणार नाही. मग जुनाच वापरायचा ठरला.

इथे एक गोष्ट मधेच सांगतो कारण गोव्यात राहणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हाच येतो, की अरे समुद्र दाराशी आहे, किनाऱ्यावरून दगड उचल ना. नाही चालत. हणजुण-वागातोरला जे काळे-तांबडे छिद्राछिद्रांचे दगड दिसतात तो बहुतेक जांभा, म्हणजे आपले घराचे चिरे ज्याचे असतात तोच, त्यात लोह भरलेलं, टँकमध्ये त्याचं काम नाही. आणि खरा कोरलचा दगड समुद्रातून काढणं हा सरळ गुन्हा आहे, दगडी कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. ग्रँड आयलंडला डायव्हिंगला गेलात तर बघा, फोटो काढा, हात लावू नका, आणि कोणी "फ्रेश लाइव्ह रॉक (जिवंत जीवांसकट दगड), कालच काढलाय" म्हणून विकत असेल तर तिथून निघा. माझा रॉक फ्लोरिडातला आहे, जमिनीवरच्या खाणीतून काढलेला कोरडा, बिल अजून फाइलला आहे. जुना रॉक परत वापरण्यात मला हाही एक फायदा वाटतो, की नवीन कुठून आला ही भानगडच नाही.

तर दुकान. तळमजल्यावर गोड्या पाण्याचे टँक, गोल्डफिश, फायटर, नेहमीचं सगळं, आणि मागच्या अंगणात हा रॉक धुण्याचा कारखाना. रेट ९० रुपये किलो, घेताना वजन करून, पाच दिवसांत परत आणि वर शब्द दिला "रेडी टू यूज". माशांच्या बाजारात असतो तसा लटकता काटा, त्यावर माझ्यासमोर २४ किलो भरले, चिठ्ठीवर लिहून दिले. इथपर्यंत मला काम आवडलं. त्याची पद्धत अशी, की आधी तारेचा ब्रश, मग गाडी धुतात तसला प्रेशर वॉशर, मग हायपोच्या टबात, मग ॲसिडमध्ये, मग नळाच्या पाण्याने धुऊन उन्हात.

प्रेशर वॉशर मी उभा राहून बघितला आणि त्याला पूर्ण मार्क. घरी ब्रशने तासभर घासून जे निघत नाही ते दोन मिनिटांत निघालं, सुकलेलं केसाळ शेवाळ, मेलेल्या स्पंजच्या पापुद्र्या, छिद्रांत बसलेला काळा गाळ, अंगणात नुसता काळ्या पाण्याचा ओहोळ. एका दगडाच्या पोटातून अख्खा सुकलेला ब्रिसलवर्म (केसाळ समुद्री किडा) निघाला, बोटाएवढा लांब, मी त्याला चार वर्षं टँकमध्ये एकदाही बघितलं नव्हतं. नुसतं एवढंच काम तो ३० रुपये किलोने करत असेल तर मी उद्या परत जाईन.

हायपोचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे हायपो म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. स्विमिंग पूलवाले आणि हॉटेलवाले जे कॅनमधून नेतात ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. आणि जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांचा हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जे उलट क्लोरीन मारायला वापरतात. एक विष आणि दुसरं त्याचा उतारा, आणि नाव एकच! मी दुकानात विचारलं की ब्लीचनंतर थायोसल्फेट वापरता ना, तर पोरगा म्हणतो, "हायपो घातलाय ना दादा." त्याला मी काय विचारतोय तेच कळलं नाही, आणि पाच मिनिटं आम्ही दोघं आपापल्या हायपोबद्दल बोलत राहिलो. शेवटी मालक आला आणि म्हणाला थायोसल्फेट नाही वापरत, उन्हात ठेवला की क्लोरीन उडून जातो. ते खोटं नाही, एप्रिलच्या उन्हात आठवडाभर ठेवला आणि वास पूर्ण गेला तर क्लोरीन राहत नाही. पण मग ते उन्हावर अवलंबून आलं, त्याचं पुढे सांगतो.

खरी चूक वेळेची आहे. ब्लीचच्या टबात त्याने रॉक फक्त चार तास ठेवला. ब्लीच आतल्या मेलेल्या घाणीला खाते पण खाता खाता स्वतःही संपते, म्हणजे दगड जितका घाण तितकी ती लवकर निकामी होते. आणि छिद्रं खोल असतात. मी घरी केलं असतं तर दोन दिवस, आत वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) लावून, मधे एकदा ब्लीच बदलून. चार तासांत वरचं पांढरं होतं, आतलं तसंच.

आणि एक गोष्ट बघून माझ्या पोटात गोळा आला. ज्या टबात ब्लीच होतं तोच टब एकदा खळबळून त्यात ॲसिड. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, थोडाथोडका नाही, छातीत जाणारा. मी सांगितलं, की बाबा दोन टब ठेव, आणि मधे दगड पूर्ण सुकव. तो हसला, "इतकी वर्षं करतोय पात्रांव, कांय जायना." पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा दुसरा लाल टब होता, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं.

उकळण्याचाही विषय निघाला. त्याचा पोरगा म्हणाला, ब्लीच आवडत नसेल तर मोठ्या टोपात उकळून देऊ, एक गिऱ्हाईक तसंच करून घेतं. मी ओरडलोच त्याच्यावर. माझ्या जुन्या टँकमध्ये बटन पॉलिप (दगडावर वाढणारे कोरलसारखे जीव) होते, आणि त्यांच्यातल्या पॅलिथोआ जातीत पॅलिटॉक्सिन असू शकतं, हवाईतल्या संशोधकांनी १९७१ मध्ये वेगळं काढलेलं, निसर्गातल्या सगळ्यात भयंकर विषांपैकी एक. ते उकळून मरत नाही, उलट वाफेबरोबर हवेत जातं आणि घरातली माणसं हॉस्पिटलमध्ये. रॉक उकळू नका, ओव्हनमध्ये भाजू नका, कोणी कितीही सोपं आहे म्हणून सांगू दे. दोन वर्षं सुकलेला असला तरी नको.

आता ॲसिड आणि वजन. पाच दिवसांचे बारा दिवस झाले (मधे त्याच्या गावची जत्रा होती, ठीक आहे, गोव्यात हे धरूनच चालायचं), मी गेलो तर म्हणतो, "फातर कशे धवे जाल्यात पळय!" आणि खरंच, असे पांढरे की डोळे दिपले, खडूसारखे. काट्यावर टाकले तर २०.८ किलो. मी म्हटलं माझे सव्वातीन किलो कुठे गेले? तो म्हणाला घाण गेली. सव्वातीन किलो घाण? मी घरी येऊन हिशेब केला. दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्याकडे पूर्वी तिसऱ्या-खुब्यांची टरफलं जाळून चुना करायचे ना, ती टरफलं आणि हा दगड एकाच घरचे. त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं की फस्स करून फेस येतो, तो फेस म्हणजे दगडच विरघळून कार्बन डायऑक्साइड होऊन उडतोय. बाजारात मिळतं तसलं ३० टक्क्यांच्या आसपासचं एक लिटर ॲसिड साधारण अर्धा किलो दगड खातं. मी फोन करून विचारलं किती ओतलंस, तर पाच लिटरचा अख्खा कॅन, फेस थांबेपर्यंत. म्हणजे अडीच किलो माझा दगड गटारात, आणि उरलेलं सातशे ग्रॅम खरी घाण. हिशेब बरोबर जमला. माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

ॲसिड वाईटच असं मी म्हणत नाही. वर्मेटिड गोगलगायींच्या त्या टोकदार नळ्या, ज्यांनी माझी बोटं कितीदा कापलीत, त्या ब्रशने जात नाहीत, ॲसिडने जातात. वरचा चिकट थर जातो, बुजलेली छिद्रं उघडतात. पण पातळ करून, दहा-पंधरा मिनिटं, मोकळ्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून, आणि पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. पिवळट ॲसिड घेऊ नका, तो पिवळेपणा बहुतेक वेळा लोखंडाचा असतो. आणि नंतरचं पाणी तसंच माडाच्या मुळाशी नाहीतर विहिरीच्या बाजूला ओतायचं नाही, आधी खायचा सोडा टाकून फेस पूर्ण थांबू द्यायचा. दुकानात ते पाणी कुठे जातं ते मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं.

बरं, माल घरी आला. "रेडी टू यूज" म्हटलं होतं, तरी मी सरळ टँकमध्ये टाकला नाही, आणि हे मी केलेलं एकमेव शहाणपण. निळा प्लॅस्टिकचा ड्रम, ८० लिटर आरओचं पाणी, त्यात जवळपास तीन किलो मीठ, खारटपणा समुद्राएवढा, म्हणजे ३५ वर आणला, एक वेव्हमेकर टाकला, हीटर लागलाच नाही कारण मे महिन्यात ड्रमचं पाणी आपोआप २९-३०. रॉक आत सोडला, झाकण ठेवलं. चौथ्या दिवशी फॉस्फेट बघितलं, शेवाळ वाढतं ते यावरच. माझ्याकडे हॅनाचा छोटा चेकर आहे, तो लिटरमागे ०.९० मिलिग्रॅमपर्यंतच दाखवतो, त्याच्या वर गेलं की तोच आकडा ब्लिंक करत राहतो. ब्लिंक झाला. मग एक भाग ड्रमचं पाणी आणि तीन भाग फॉस्फेट नसलेलं पाणी असं मिसळून परत घेतलं, ०.४१ आलं, चारने गुणा, १.६४. रीफ (कोरलच्या) टँकमध्ये मी ०.०३ ते ०.१ च्या मधे ठेवायला बघतो. म्हणजे सोळापट आणि वर, तेही दुधासारख्या पांढऱ्या दगडातून! सहाव्या दिवशी अमोनियाही आला, १ च्या आसपास, म्हणजे आत अजून काहीतरी सडत होतं. झाकण काढलं की ओळखीचा वास. आई लांबूनच म्हणाली, "आले परत तुझे सुंगटं?"

हे का होतं ते समजून घ्या म्हणजे दुकानदाराशी भांडण नीट करता येईल. फॉस्फेट नुसतं दगडावर बसलेलं नसतं, ते कॅल्शियम कार्बोनेटला चिकटतं, छिद्रांच्या आतल्या भिंतींवरसुद्धा. माझ्या जुन्या टँकमध्ये चार वर्षं मी हात सैल सोडून खायला घालत होतो, फ्रोझन खाण्याचं पाणी न निथळता तसंच ओतायचो, ते सगळं दगडाने साठवलं. आता स्वच्छ पाण्यात टाकला की दगड हळूहळू ते परत सोडतो, पाण्यात आणि दगडात तोल येईपर्यंत. पाणी बदललं की परत सोडतो. ब्लीच याला काही करत नाही, ब्लीच मेलेलं खाते, फॉस्फेट नाही. ॲसिड फक्त वरचा थर नेतं, त्या थराबरोबर गेलं तेवढं गेलं. त्यामुळे दगड किती पांढरा झाला यावरून काहीच कळत नाही, ड्रममध्ये ठेवून आकडा बघितल्याशिवाय.

मग माझे सहा आठवडे सुरू झाले. पहिल्या आठवड्यात पाणी पूर्ण बदललं, तळाला पुन्हा राखेसारखा गाळ. मग जीएफओ आणला, म्हणजे लोखंडाच्या गंजासारखे तपकिरी दाणे, ते फॉस्फेट पकडतात. असे दाणे भरायची नळी, रिॲक्टर, होता तो विकून टाकलेला, म्हणून १५० ग्रॅम जाळीच्या पिशवीत बांधून वेव्हमेकरच्या तोंडासमोर लटकवले, आधी बादलीत नीट धुऊन, नाहीतर पूर्ण ड्रम जांभ्याच्या चिखलासारखा लाल होतो (मला कसं माहीत विचारू नका). दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी १.१. तिसऱ्याला ०.६२. चौथ्याला ०.१५ आलं आणि मी खूश होऊन पिशवी काढली, चार दिवसांनी बघतो तर ०.३८. तोच तोल. परत नवे दाणे, परत एक पाणी बदल. सहाव्या आठवड्यात ०.०८, पिशवी काढून तीन दिवस थांबलो, ०.११. म्हटलं आता बास, एवढं टँक सांभाळून घेईल. शून्य करण्याच्या मागे लागू नका, नवीन टँकमध्ये फॉस्फेट एकदम शून्य झालं की डायनो नावाची तपकिरी शेंबडी घाण येते, ती केसाळ शेवाळापेक्षा वाईट. काही जण लॅन्थनम क्लोराइड वापरतात, ते झटपट काम करतं आणि पाणी दुधाळ होऊन खाली साका बसतो, ड्रमसाठी चांगलं, मासे असलेल्या टँकमध्ये मी ते घालणार नाही.

पाण्याबद्दल दोन शब्द, कारण ड्रमला खूप पाणी लागतं. माझ्याकडे अस्नोड्याचं नळाचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतोच, म्हणून आरओ आणि वर उरलेले क्षार काढणारं डीआय कार्ट्रिज. विहिरीचं पाणी गोड लागलं तरी आमच्या बाजूला लोह आहे, बादलीला तांबडी कडा येते, ते नको. आणि मिरामारवरून समुद्राचं पाणी भरून आणायचा मोह सगळ्यांना होतो, मीही एका जुलैत दोन कॅन आणले होते, रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) लावला तर ३५ च्या जवळपाससुद्धा नाही, कारण पावसात मांडवी सगळं गोडं पाणी आणि गाळ तिथेच ओतते. ते दोन कॅन कुंड्यांनाही घालता आले नाहीत, खारट ते खारटच.

आता पावसाळ्याचं, ज्यासाठी मी मुख्य हे लिहितोय. माझा फोंड्याचा मित्र माझं ऐकून जुलैमध्ये त्याच दुकानात १५ किलो घेऊन गेला. ऊन कुठे? दुकानदाराने ताडपत्रीखाली, अंगणात ओल्या जमिनीवर दगड पसरले. परत आले तेव्हा खालच्या बाजूने लाल मातीचे डाग, आतून ओले, आणि नाक जवळ नेलं की स्विमिंग पूलचा वास. म्हणजे क्लोरीन आतच. त्याने थायोसल्फेट टाकून दोन दिवस भिजवले, मग घरात पंख्याखाली वर्तमानपत्रावर आठ दिवस. त्याची बायको काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर या कामासाठी ही सर्व्हिस घेऊच नका, निदान तो ड्रायरची नाहीतर थायोसल्फेटची काही सोय करत नाही तोपर्यंत. नरकासूर जाळून झाला की द्या, तेव्हा ऊन परत आलेलं असतं.

पैशांचं सांगायचं तर धुलाई २,१६०, वजन घेताना धरलेलं, परत देतानाचं नाही. मी म्हटलं २०.८ चे घे, तो म्हणाला कापडवाला कपडा आटला म्हणून कमी घेतो का, यावर मला उत्तर सुचलं नाही. जीएफओ दोनदा मिळून १,८००. मीठ नऊ किलो लागलं ड्रमसाठी. वेळ सहा आठवडे. तरी नव्या रॉकच्या निम्म्यात पडलं, आणि कमान वाचली. पण दुकानाने पहिल्याच दिवशी "हा धुतलेला आहे, क्युअर झालेला (आतून मुरून स्वच्छ झालेला) नाही, घरी दीड महिना ड्रममध्ये ठेवा" एवढं सांगितलं असतं तर मी पाचपैकी चार दिले असते. "रेडी टू यूज" म्हणून दिल्यामुळे तीन. माझ्या जागी कोणी नवखा असता तर सरळ टँकमध्ये टाकून दुसऱ्या आठवड्यात क्लाउन माशांची जोडी घातली असती, आणि मग मासे मेले की दोष माशांच्या दुकानाला.

एक गोष्ट दुकानदाराला माझ्यापेक्षा चांगली कळते, ती म्हणजे दगड फोडणं. माझे दोन मोठे भोपळ्यासारखे तुकडे होते, त्याने छिन्नीने दोन ठोक्यांत असे दुभागून दिले की आत कपारी उघड्या पडल्या, जागा जास्त, पाणी आतून फिरतं. त्याचे पैसेही घेतले नाहीत. उरलेल्या खडीतून मी सम्पच्या (मुख्य टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या) एका कप्प्याचा तळ भरला.

सध्या टँक भरून सात आठवडे झाले. मेलेला रॉक आहे त्यामुळे सायकल, म्हणजे अमोनिया खाणारे बॅक्टेरिया वाढवणं, पहिल्यापासून करावी लागली, बाटलीतले बॅक्टेरिया टाकले आणि मडगावच्या मित्राच्या जुन्या टँकमधला मुठीएवढा एक तुकडा आणून मागे ठेवला, त्याच्यावर जांभळा कोरलाइन (दगडावर थर धरणारं चांगलं शेवाळ) आहे, तो हळूहळू पसरेल. आणताना तो तुकडा तासभर नुसता भिंगातून बघितला, ॲप्टेशिया (टँकभर पसरणारा त्रासदायक जीव) नाही ना म्हणून. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आहेत, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०९. दगडांवर डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) तपकिरी थर आलाय, दुधासारखे पांढरे दगड आता चहात बुडवलेल्या पावासारखे दिसतात, ते येणारच होतं. दोन क्लाउन आणि चार टर्बो गोगलगायी, बाकी काही नाही. एका कपारीत हिरव्या बुडबुड्यासारखं एक दिसलं, वलोनिया (बुडबुड्यांचं शेवाळ) असावं, मित्राच्या तुकड्यावरूनच आलं असणार, ते न फोडता चिमट्याने काढलं.

जाणार असाल तर दुपारी दीड ते साडेचार जाऊ नका, बंद असतं, हाक मारून उपयोग नाही. क्रेट स्वतःचे न्या, त्याच्याकडच्या सिमेंटच्या गोण्या असतात. वजनाच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. ॲसिड किती टाकणार ते आधी ठरवून घ्या, माझ्या मते दहा किलोला अर्धा लिटर पुरे, ब्लीचमध्ये निदान दोन रात्री ठेवायला सांगा आणि त्याचे जास्त मागितले तर द्या. नाहीतर सरळ म्हणा फक्त प्रेशर वॉश कर आणि फोडून दे, बाकी मी घरी बघतो, मी पुढच्या वेळी तेच करणार आहे, अबोलीच्या कुंड्यांखाली अजून दोन तुकडे आहेत आणि आईला त्याबदल्यात दोन चिरे हवेत.